लीगल मागितलं तर कुठलं देऊ?

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तोवर दोस्ताचा फोन. त्याचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलच्या अंगाला, जुन्या कोर्टाजवळ. हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून, तिथं सहा जिल्ह्यांची माणसं येतात, त्यामुळं ह्याला सध्या नाक खाजवायला सवड नाही, आणि तरी तो फोन करतोय म्हणजे एकतर मशीन बंद पडलंय नाहीतर वकीलसाहेब काउंटरवर उभे राहून ओरडतायत. ह्या वेळी दुसरं होतं.

"भावा, मशीन शेवटची ओळ खातंय बघ."

"कुठल्या कागदावर?"

"लीगलवर की."

"कुठलं लीगल?"

"लीगल म्हणजे लीगल! आता लीगलमधी पण प्रकार असत्यात व्हय?"

असतात. म्हणूनच तर ही पोस्ट लिहायला बसलोय. मी गेली पंचवीसेक वर्षं बिलिंगची आणि छापायची सॉफ्टवेअरं लिहून पोट भरतोय आणि खरं सांगायचं तर हिशेब, जीएसटी, डेटाबेस ह्यातल्या कशानंही मला एवढं छळलं नाही जेवढं कागदाच्या मापानं छळलंय.

गेलो. खिशात स्टीलची पट्टी असतेच माझ्या, उद्यमनगरातनं घेतलेली ३० सेंटीमीटरची. पण लीगल त्याहून लांब, पट्टी पुरेना, मग शेजारच्या टेलरकडनं टेप आणली. कागद काउंटरवर अंथरला, टेप लावली, ३४ सेंटीमीटर ५ मिलिमीटर. मग रिमचं वेष्टन उलटंपालटं केलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलंच होतं, एफएस (म्हणजे फुलस्केप) / लीगल, २१५ × ३४५. दोस्त रोज असली दोन-तीन रिमं फोडतो, आजवर त्यानं ते वाचलं नव्हतं. कोण वाचतंय म्हणा.

आता वर्डमध्ये 'लीगल' निवडलं की ते काय घेतं? अमेरिकेतलं लीगल, साडेआठ बाय चौदा इंच, म्हणजे २१५.९ बाय ३५५.६ मिलिमीटर. फरक १०.६ मिलिमीटरचा. एरवी एवढ्यानं काही बिघडत नाही कारण खालचा समास चांगला इंचभर असतो. पण इथं दुकानातल्या पोरानं मजकूर एका पानात बसावा म्हणून खालचा समास अर्ध्या इंचावर आणलेला, म्हणजे वर्डच्या हिशेबानं शेवटची ओळ कागदाच्या टोकापासून १२.७ मिलिमीटर वर, प्रत्यक्षात उरले जेमतेम २, आणि लेझर प्रिंटर कडेच्या चारेक मिलिमीटरमध्ये छापतच नाही. झालं, ओळीचा खालचा भाग गेला.

आणि आपल्या लिपीत खालचा भाग जातो म्हणजे काय होतं ते बघा. इंग्रजीत ओळ तळातनं थोडी कापली तरी माणूस अंदाजानं वाचतो. इथं प्रतिज्ञापत्राच्या तळाला पत्ता होता, त्यातले सगळे उकार उडाले. 'मु. पो.'चं 'म. पो.', 'ता. भुदरगड'चं 'ता. भदरगड' आणि जिल्हा 'कोल्हापर'. वकीलसाहेब ओरडतील नाहीतर काय करतील.

दोस्ताला म्हटलं प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली (म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्यामार्फत प्रिंटरशी बोलतो त्या सॉफ्टवेअरमधली) कागदांची यादी उघड. भलीमोठी यादी. लेटर (अमेरिकेचं, साडेआठ बाय अकरा इंच), लीगल, एक्झिक्युटिव्ह, फोलिओ, ए-फोर, ए-फाइव्ह, बी-फाइव्ह दोनदा (एक जपानी १८२ बाय २५७, एक आयएसओवालं १७६ बाय २५०, नाव एकच आणि मापं दोन, तिथंही कुणीतरी रडलं असणार), पाकिटं, पोस्टकार्डं, आणि खाली खाली जात पार तळाला 'इंडियन लीगल २१५ × ३४५'. नव्या मशीनच्या ड्रायव्हरमध्ये होतं हे. जुन्या मशीनच्या ड्रायव्हरमध्ये नव्हतं, तिथं कस्टम साइज करून दिलं.

तेवढ्यानं भागलं नाही. कारण ड्रायव्हरमध्ये बदललं तरी वर्डची फाइल आपलं माप पोटात घेऊन बसलेली असते. वर्डमध्ये ते ट्विपमध्ये असतं, म्हणजे पॉइंटचा विसावा भाग (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा), ए-फोरला ११९०६ बाय १६८३८ आणि अमेरिकन लीगलला १२२४० बाय २०१६०, आणि तेही दर सेक्शनला वेगळं असू शकतं, म्हणजे एकाच फाइलमध्ये पहिली चार पानं ए-फोर आणि पाचवं लीगल असं बिनबोभाट चालतं. म्हणजे कागदाचं माप चार ठिकाणी राहतं. फाइलमध्ये एक, छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक, ड्रायव्हरमध्ये एक, आणि चौथं ट्रेमध्ये प्रत्यक्ष कागद पडलाय ते. चौघांची भाऊबंदकी असल्यासारखं कुणी कुणाशी बोलत नाही, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच बरोबर. बरं, वर्डमध्ये एक ऑप्शन आहे, कागद ए-फोर आणि लेटरमध्ये अदलाबदल झाला तर मजकूर आपोआप बसवून घ्यायचा, आणि तो मुळातच चालू असतो. पण ती सोय तेवढ्या दोघांपुरतीच, आमच्या लीगलला कोण विचारतो.

दोस्त म्हणाला, "मग ह्याला लीगल का म्हणत्यात?" प्रश्न बरोबर आहे. आमच्या लहानपणी ह्याला फुलस्केप म्हणायचे, लांब वही म्हणजे फुलस्केप वही. ते नाव इंग्रजांच्या जुन्या कागदावरनं आलं, त्यात पाण्याच्या खुणेत विदूषकाची टोपी असायची म्हणून फूल्स कॅप. प्रिंटरांच्या यादीत फुलस्केप म्हणजे साडेआठ बाय तेरा इंच, म्हणजे ३३० मिलिमीटर लांब. अमेरिकेचं लीगल ३५५.६. आणि आपल्याकडं रिमवर दोन्ही नावं छापून आत ३४५, ना धड इकडचं ना धड तिकडचं. गिऱ्हाईक 'लीगल' म्हणतंय, पुडक्यावर 'एफएस' लिहिलंय, सॉफ्टवेअरला वेगळंच कळतंय, आणि तिघंही आपापल्या जागी खरं बोलतायत.

आता दुसऱ्याच्या दुकानातल्या चुका सांगून मी शहाणा ठरत नाही, माझ्या स्वतःच्या ह्यापेक्षा भारी आहेत.

९८-९९ साल असेल. मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानाला फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम करून दिलेला. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे किती रवे आले, काय दरानं सौदा झाला, हमाली-तोलाई किती कापली, हे सगळं डॉट मॅट्रिक्सवर छापायचं, कडेला भोकं असलेल्या कंटिन्युअस कागदावर. आमच्या घरातल्या मशीनवर एकेक पान काढून बघितलं, फक्कड. दुकानात बसवलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. पहिली पट्टी बरोबर, दुसरीचं डोकं पहिलीच्या पायात, तिसरीचं आणखी वर, असं सरकत सरकत जायचं. मी केबल बदलली, रिबन बदललं, प्रिंटरमधल्या कागद ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे दात तपासले. काही उपयोग नाही. शेवटी दिवाणजींनी, सदरा-टोपीतले म्हातारे गृहस्थ, चष्म्यावरनं बघत मला सांगितलं, "अहो, तेरावं पान बरोबर येतंय बघा."

तेरावं पान! मी घरी जाऊन वहीत आकडे मांडले तेव्हा डोक्यात उजेड पडला. इंचाला सहा ओळी, माझ्या प्रोग्रॅममध्ये पानाला ६६ ओळी, म्हणजे ११ इंच, कारण मी जे इंग्रजी पुस्तक वाचून शिकलो त्यात अमेरिकेचा कागद ११ इंची. आणि आपल्याकडचा कंटिन्युअस कागद १० बाय १२, नाहीतर मोठा १५ बाय १२. म्हणजे ७२ ओळी. दर पानाला एक इंच कमी. ११ इंचाची बारा पानं म्हणजे १३२ इंच, आणि १२ इंचाचे अकरा कागद म्हणजे पण १३२ इंच, म्हणून तेरावं पान परत बरोबर भोकाळीच्या रेघेवर. दिवाणजींना पॉइंट, पिका, काही माहीत नव्हतं, पण रोग त्यांनीच ओळखला. प्रिंटरच्या पोटात ११ का १२ इंच ठरवणारा बारका डिप स्विच असतो तो पाडला आणि प्रोग्रॅममधनं प्रिंटरला एस्केप-सी ही आज्ञा पाठवून ७२ ओळी सांगितल्या. जाग्यावर पलटी. पुढं त्यांनीच अर्धा कागद आणला, १० बाय ६ चा, तेव्हा मात्र ३६ ओळींचं मी आधीच विचारून ठेवलेलं.

(त्या दुकानात पट्टीनं पट्टी मोजत बसलेला माणूस म्हणून माझी बरीच वर्षं चेष्टा चालायची.)

एवढं शिकून मी शहाणा व्हायला पाहिजे होतो. नाही झालो. पुढं सगळं विंडोजवर आलं, मग पीडीएफ. पीडीएफमध्ये मोजमाप पॉइंटमध्ये, इंचाला ७२, आणि शून्य असतं पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. आपण बिल लिहितो वरनं खाली. म्हणून मी काय केलं, सगळीकडं ८४२ मधनं वरचं अंतर वजा केलं. ८४२ म्हणजे ए-फोरची उंची पॉइंटमध्ये. चालतंय की. पाच वर्षं चाललं. मग महाद्वार रोडच्या एका कापड दुकानात नवा कॉम्प्युटर आला, आणि ज्या कुणी विंडोज टाकलं त्यानं नेहमीप्रमाणं नेक्स्ट नेक्स्ट दाबत प्रदेश 'युनायटेड स्टेट्स' राहू दिला. विंडोज त्या प्रदेशावरनं ठरवतं की डीफॉल्ट कागद लेटर का ए-फोर. झालं लेटर. माझ्या प्रोग्रॅमनं पानाची उंची सिस्टीमला विचारून घेतली ७९२, आणि मजकूर मात्र ८४२ च्या हिशेबानं वर चढवला. वरचे ५० पॉइंट पानाच्या बाहेर.

बिलाच्या वरच्या ५० पॉइंटात काय असतं? '॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥'.

रक्कम चुकली असती तर मालक एवढे चिडले नसते. जीएसटी नंबर अर्धा गेला असता तरी 'बघा जरा' एवढंच म्हणाले असते. देवीचं नाव उडालं म्हटल्यावर रात्री साडेनऊला दुकानात हजर व्हायला लागलं. आणि ह्याच्या उलटं लीगलवर व्हायचं. ३४५ मिलिमीटर म्हणजे ९७८ पॉइंट, मजकूर सगळा खाली बसलेला आणि वर १३६ पॉइंट, म्हणजे जवळपास पाच सेंटीमीटर कोरं. ते एका गिऱ्हाइकाला आवडलं होतं, म्हणे शिक्का मारायला जागा ठेवलीय.

विंडोजमध्ये कागदांना नंबर असतात, लेटर १, लीगल ५, ए-फोर ९, आणि आपलं माप द्यायचं तर २५६, मग लांबी-रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे आपल्या लीगलला २१५० आणि ३४५०. कागदोपत्री झकास. प्रत्यक्षात काही ड्रायव्हर २५६ दिसलं की कानावर हात ठेवतात आणि गपगुमान लेटर काढतात, मग प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिथं फॉर्म तयार करून ठेवायचा आणि त्या नावानं मागायचा. लिनक्सवाल्यांनी हे जरा नीट केलंय असं माझं मत. तिथं देश-भाषेच्या सेटिंगमध्ये कागदाचं वेगळं खातंच आहे, एलसी-पेपर, भारत म्हटलं की २९७ बाय २१०. आणि प्रिंटरशी बोलताना कागदाच्या नावातच माप घातलेलं असतं, फुलस्केप म्हणायचं तर नावातच साडेआठ बाय तेरा इंच असं जोडलेलं. नुसत्या नावावर भरवसा ठेवू नये हे कुणाला तरी कळलं होतं.

सगळ्यात लबाड प्रकार म्हणजे 'फिट टू पेज'. बाकीच्या चुका निदान दिसतात तरी. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गॅस्केटचं ड्रॉइंग पीडीएफमध्ये आलं, ह्यांनी एकास एक प्रिंट काढली असं समजून ती शीटवर चिकटवली आणि भोकं पाडली. पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यातनं जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १०० चा, बोल्ट काही केल्या बसेनात. मला बोलावलं, मी पट्टी लावली, ९७ आणि थोडं. ९७ बघितलं की मी आता न विचारता सांगतो, फाइल लेटरवर बनलीय आणि ए-फोरवर छापलीय. २१५.९ ची रुंदी २१० मध्ये कोंबली की ९७ टक्केच होतात. प्रिंटरनं विचारलं नाही, सांगितलं नाही, मुकाट्यानं तीन टक्के गिळले. माणसानं असं केलं तर आपण त्याला काय म्हणतो!

भाचीचं वेगळंच. विद्यापीठाचा प्रोजेक्ट रिपोर्ट तिनं लेटेक नावाच्या मजकूर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला, दिसायला देखणा, पण उजवा समास बारका आणि खाली मोकळं मोकळं. "मामा, काहीतरी तिरकं दिसतंय." लेटेकचा साधा आर्टिकल क्लास काही न सांगता लेटर धरून मजकूर मांडतो, आणि तिच्या मशीनवर पीडीएफचं पान निघत होतं ए-फोरचं. मजकूर एका मापाचा, पान दुसऱ्या मापाचं. सुरुवातीला 'ए-फोर-पेपर' एवढं लिहिलं की मिटलं. तिनं दोन दिवस समास हातानं सरकवण्यात घातले होते.

दोस्ताला ए-फोरचं कौतुक मात्र सांगितलं, कारण ते खरंच कौतुकाचं आहे. त्यानं झेरॉक्समध्ये ए-थ्री ते ए-फोर ७१ टक्के हे बटण हजारदा दाबलंय, पण ७१ च का ते माहीत नव्हतं. एक कागद घेतला, मधनं दुमडला, अर्ध्याचा आकार तसाच, फक्त लहान. लांबी-रुंदीचं प्रमाण दोनच्या वर्गमुळाइतकं ठेवलं तरच असं होतं. लिख्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १७८६ मध्ये एका पत्रात हे लिहून ठेवलंय, आणि जर्मनीत त्याचं स्टँडर्ड झालं १९२२ मध्ये, पुढं १९७५ ला ते आयएसओ २१६ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. सगळ्यात मोठा ए-झीरो बरोबर एक चौरस मीटरचा, त्याचे सोळा तुकडे म्हणजे ए-फोर, म्हणून ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅमचा) एक ए-फोर पावणेपाच ग्रॅमला जरा कमी आणि पाचशेचं रिम २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास. दोस्तानं लगेच रिम उचलून हातावर तोललं. "व्हय, सव्वादोन-अडीचच्या मधी." लीगल दुमडलं की वेगळाच आकार होतो, दोन पानं एका पानात बसवायची तर कुठंतरी पांढरी पट्टी उरतेच, त्याला सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०२० पासून ए-फोर केलं, पाठपोट छपाई, किमान ७५ जीएसएम, डाव्या-उजव्या बाजूला ४ सेंटीमीटर समास, सगळं मिलिमीटरपर्यंत लिहून दिलं. तसं सगळीकडं झालं तर माझं निम्मं काम जाईल, जाऊ दे.

पण तोवर लोक लीगल मागणारच. म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये आता काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं. नाव विचारत नाही, माप विचारतो. पहिल्यांदा बसवताना एक चाचणीचं पान काढतो, चारी कडांपासून ५ मिलिमीटर आत चौकट आणि मधोमध १०० मिलिमीटरची रेघ, आणि दुकानदाराला म्हणतो पट्टी घ्या आणि रेघ किती भरतेय ते इथं लिहा. ९७ लिहिलं की स्क्रीनवर मराठीत येतं, 'प्रिंटर पान लहान करतोय, ते बंद करा'. चौकटीची खालची रेघ आलीच नाही तर कागद आखूड आहे. दुसरं म्हणजे ८४२ हा आकडा प्रोग्रॅममधनं हाकलला. डोक्यावरचं सगळं वरच्या कडेपासून मोजायचं, सही आणि तारीख खालच्या कडेपासून, आणि मधला मजकूर उरलेल्या जागेत. म्हणजे कागद ३३० असो, ३४५ असो, सही सहीच्या जागेवर, श्री श्रीच्या जागेवर. मजकूर मावला नाही तर दुसऱ्या पानावर जाईल, पण बारीक करून कोंबायचं नाही. हे सुचायला मला वीस वर्षं लागली, आणि लिहायला एक रविवार.

हे सगळं पान संपतं असं गृहीत धरून झालं. मिसळवाल्यांकडं थर्मल रोल असतो, रुंदी ८० मिलिमीटर, त्यातले छापायला ७२, आणि लांबी म्हणजे रोल संपेपर्यंत. ड्रायव्हरला तरी लांबी लागतेच, त्यात एकदा ८० बाय २९७ राहून गेलं आणि दोन मिसळ एक ताक एवढ्या बिलाला फूटभर कागद बाहेर. मालक म्हणाले, "कटापेक्षा कागद लांब झाला की हो."

तर दोस्ताच्या दुकानात सगळं बसवून दिलं. वर्डमध्ये २१५ बाय ३४५ चा टेम्प्लेट, ड्रायव्हरमध्ये इंडियन लीगल, आणि ट्रेवर त्यानं स्वतः मार्करनं ३४५ असं ठळक लिहिलं. प्रतिज्ञापत्र परत काढलं, भुदरगडचा उकार आला, कोल्हापूरचाही आला, वकीलसाहेब सही घेऊन गेले. चहा मागवला. तेवढ्यात एक पक्षकार हिरव्या लेजर पेपरची गड्डी घेऊन आला, ह्याच्यावर काढून द्या म्हणाला, लीगल आहे. दोस्तानं एक कागद ट्रेतल्या कागदावर ठेवून बघितला, वर जुळवला तर खाली जुळेना, आणि माझ्याकडं बघितलं.

टेप परत आणायला गेलो तर टेलर दुकान ओढून जेवायला गेलेला.